कोंबडी ज्याची त्याची, लस मात्र सगळ्यांची



साखर कारखान्याच्या पत्रिकेत कोंबडीचे काय काम, असे काहींना वाटेल. बेणे, खत, पाणी, तोडणी आणि दर हे आपले नेहमीचे विषय. ते महत्त्वाचे आहेतच. पण आपल्या कार्यक्षेत्रातल्या कोणत्याही वस्तीवर सकाळी एक फेरी मारून पाहा. उसाच्या बांधापासून वीस पावलांवर घर, घरामागे उकिरडा आणि उकिरड्यावर चार-सहा कोंबड्या उकरताना दिसतील. या कोंबड्यांची नोंद कारखान्याच्या कोणत्याही रजिस्टरात नाही. तरी त्या सभासदाच्याच घरच्या आहेत. आणि अधूनमधून मानमोडीची साथ येते आणि चार-आठ दिवसांत खुराडीच्या खुराडी रिकामी होतात.

ही साथ टाळता येते. मात्र ती एकट्याला टाळता येत नाही, सगळ्यांनी मिळूनच टाळता येते. माझे म्हणणे एवढेच आहे. ते का, हे जरा सविस्तर मांडतो.

हा पैसा कोणाचा?

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात करायची आणि तोड येईपर्यंत सोळा-अठरा महिने वाट पाहायची. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे, पण ते कसे आणि किती हप्त्यांत येतात हे आपण सगळे जाणतोच. शेअर बहुधा घरधन्याच्या नावावर. बिल त्याच्या खात्यावर. सोसायटीची वसुली तिथल्या तिथे वजा. उरलेल्या रकमेचे धनी आधीच ठरलेले असतात.

अंड्याचा पैसा तसा नाही. देशी कोंबडी मोकळी हिंडून, पडलेले वेचून वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. पाच कोंबड्या म्हटल्या तर वर्षाची 300 ते 400 अंडी झाली. त्यातली काही उबवायला ठेवायची, काही पोरांच्या ताटात जायची, उरलेली बाजाराला. गावरान अंड्याला पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यापेक्षा भाव चांगला मिळतो, हे वेगळे सांगायला नको. हा पैसा बाईच्या हातात येतो. त्याचा हिशेब तिला कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पोराची वही, म्हातारीचे औषध, माहेरच्या लग्नातला आहेर, गिरणीचे दळण असले खर्च त्यातून परस्पर भागतात. घरधन्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून मानमोडीत सहा कोंबड्या मेल्या तर “कोंबड्याच मेल्या ना, म्हैस तर नाही मेली” असे म्हणून सोडून देणे बरोबर नाही. म्हैस मेली तर सगळे घर हळहळते. कोंबड्या मेल्या तर एकटी बाई हळहळते, आणि तेही चुलीपाशी बसून. त्या मरतुकीचा पंचनामा करायला सहसा कोणी येत नाही. पण त्या घरातली रोख पैशाची एकमेव वाट त्या दिवशी बंद झालेली असते.

सुख काय, दुःख काय

कोंबडी पाळणे म्हणजे नुसता पैसा नव्हे. ज्याच्या घरी कोंबड्या आहेत त्याला हे ठाऊक आहे. अंडे घातले की कोंबडी सगळ्या वस्तीला ओरडून सांगते. दुपारी राखेत किंवा धुळीत अंग घुसळून लोळते. ते तिचे न्हाणेच, त्याने अंगावरच्या उवा-पिसवा झडतात. खुडूक झाली की अंगावरची पिसे फुलवून टोपल्यात बसते आणि हात लावू देत नाही. एकवीस दिवस ती अंडी सोडत नाही. दिवसातून एकदा उठायचे, चार दाणे टिपायचे, पाणी प्यायचे, की लगेच परत. पोटाखालची अंडी चोचीने फिरवत राहायचे. पिलू फुटायच्या आदल्या दिवशी कवचातूनच चिवचिव ऐकू येते आणि ती त्याला बाहेरून उत्तर देते.

पिले बाहेर पडली की पाहत राहावे असे असते. दाणा सापडला तर स्वतः न खाता हाका मारते. आकाशात घार दिसली की कोंबडा एक आवाज काढतो, मांजर किंवा कुत्रे आले की दुसराच. पिलांना दोन्ही कळतात. एरवी शेळीलाही भिणारी कोंबडी पिले झाल्यावर कुत्र्याच्या अंगावर धावून जाते. घरातली पोरे हे सगळे बघतात. मग कोंबड्यांना नावे पडतात. कोणी चंद्री, कोणी तुरेवाली, कोणी लंगडी. आणि एकदा नाव पडले की ते जनावर राहत नाही, घरातले माणूस होते.

दुःखही तिथूनच सुरू होते. घार पिलू उचलते. मुंगूस रात्री खुराड्यात शिरते आणि खाते एक, मारते चार. शेजारणीच्या मेथीच्या वाफ्यात कोंबडी शिरली म्हणून सख्ख्या जावा-जावांत वर्षभर बोलणे बंद होते. उसाच्या पट्ट्यात आता बिबट्याचीही भर पडली आहे. जुन्नर-अकोल्याकडच्या लोकांना ते नव्याने सांगायला नको, त्यांच्याकडे उसातच बिबट्याची पिले सापडतात. उसाला लागून घर असेल तर तिन्हीसांजेला कोंबड्या आत घेऊन दार पक्के लावणे एवढेच हातात असते.

आणि पाहुणा येतो. पोराने नाव ठेवलेल्या कोंबड्याकडे आजोबांची नजर जाते. पोर त्या रात्री जेवत नाही. यात चूक-बरोबर ठरवणारा मी कोण? ज्या घरात गळ्यात माळ आहे तिथे हा प्रश्नच नाही, आणि ज्या घरात नाही तिथे कोंबडी शेवटी ताटात येणार हे सगळ्यांना माहीत असते. म्हातारी झालेली, अंडी थांबलेली कोंबडी कोणी मरेपर्यंत सांभाळते, कोणी बाजाराला नेते. दोघांनाही नावे ठेवू नयेत. पण मान वाकडी करून, पाय घासत, तीन दिवस तडफडून तिने मरावे, आणि तेही वेळेवर टोचलेल्या एका लसीने वाचली असती तेव्हा, हे मात्र कोणत्याच घराला शोभत नाही. आपण तिला कोंडतो, तिची अंडी घेतो. तेवढ्या बदल्यात एवढे तरी तिला आपल्याकडून मिळाले पाहिजे.

मानमोडी म्हणजे काय

मानमोडीला पुस्तकात राणीखेत म्हणतात. 1926 साली इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावाजवळ हा रोग प्रथम नीट नोंदला गेला. त्यानंतर लवकरच आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावी तो आढळला, म्हणून आपल्या देशात ते नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे. कोंबडी एकाएकी मलूल होते, चोच उघडी टाकून श्वास घेते, हिरवट-पांढरे पातळ हगते. पंख लोंबतात, पाय ओढतात आणि मान पिळल्यासारखी वाकडी होते. लस न टोचलेल्या कळपात तो शिरला तर बहुतेक कळप घेऊन जातो.

याला औषध नाही. लसूण, हळद किंवा मेडिकलमधून आणलेली माणसाची गोळी, यांपैकी कशानेही विषाणू मरत नाही. आजारी पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. उपाय आहे तो आधीचाच, आणि तो म्हणजे लस. पिलू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठ आठवड्यांचे झाले की आर-टू-बी ही लस पंखाखाली कातडीत. पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा. लसीच्या आठवडाभर आधी जंताचे औषध दिले तर लस चांगली लागू पडते. हे सगळे पशुवैद्यकीय दवाखान्यात ठाऊक असते, लपलेले काही नाही.

मग अडते कुठे?

अडते ते एका कुपीपाशी. लस येते ती शंभर-दोनशे किंवा त्याहूनही जास्त कोंबड्यांची एक कुपी अशी. ती बर्फात ठेवावी लागते. एकदा फोडून पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर ती निकामी होते. आता ज्या बाईकडे सहा कोंबड्या आहेत तिने काय करावे? सहा मात्रांसाठी थर्मास घेऊन तालुक्याला जावे आणि उरलेली कुपी फेकावी? ती जात नाही. तिने जाऊ नये असेच सगळे जुळून आले आहे. दवाखान्यातल्या माणसाचीही अडचण खरी आहे. एका माणसाकडे कितीतरी गावे, त्यात गाई-म्हशींची लाळ्या-खुरकूत आहेच. सहा कोंबड्यांसाठी तो वस्तीवर कसा येणार?

बरे, एखादीने हट्टाने केलेच, तरी तिच्या शेजारच्या दहा घरांनी केले नाही तर रोग वस्तीत येतोच. तिच्या मोठ्या कोंबड्या वाचतील, पण नवी पिले जातील. कोंबड्यांना बांध कळत नाही. एकाच उकिरड्यावर चार घरच्या उकरतात. एक कोंबडी आजारी दिसली की बाई घाईने बाजारात काढते, कारण मेली तर पैसे बुडतील. ती कोंबडी विकत घेणारी आपल्या वस्तीवर रोग घेऊन जाते. रोग झाकून ठेवला म्हणून थांबत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसेच हे.

म्हणजे कोंबडी पाळायची एकेकीने, पण वाचवायची सगळ्यांनी मिळून. ही गोष्ट साखर कारखान्याच्या सभासदाला पटवून द्यावी लागू नये. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला एकट्याने गुऱ्हाळ घालता येते, कारखाना काढता येत नाही. 1950 साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी हेच तर करून दाखवले. लहान लहान भाग एकत्र आले आणि कोणा एकट्याच्या आवाक्यात नसलेले यंत्र उभे राहिले. लसीची कुपी हे तसेच यंत्र आहे, फक्त फार स्वस्त आणि फार छोटे.

बाहेर हे झालेले आहे. बांगलादेशात 1980 च्या दशकात ब्रॅक या संस्थेने सरकारच्या पशुसंवर्धन खात्याच्या बरोबरीने गावागावातल्या बायकांना लस टोचायला शिकवले. कोंबडीमागे थोडी फी घ्यायची आणि ठरल्या दिवशी पहाटे, कोंबड्या सोडायच्या आत, घरोघर फिरायचे असे ते काम. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानिया अशा देशांत ऑस्ट्रेलियात तयार झालेली, उष्णता जास्त सोसणारी लस वापरून गावातल्याच माणसांनी डोळ्यात थेंब टाकायचे काम केले. ती माणसे आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हती. त्यांच्याकडे साखर कारखानाही नव्हता.

कारखान्याने काय करावे

माझी सूचना साधी आहे. कारखान्याने पोल्ट्री काढावी असे मी म्हणत नाही. उलट, मोठ्या योजनांपासून सभासदांनी दोन हात दूर राहावे. 2019 साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीच्या नावाखाली कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले. आम्ही पिले देतो, आम्हीच अंडी घेतो, वर्षात दुप्पट, असे कोणी म्हणाले की समजावे, यात कोंबडी नावापुरती आहे. परसातली पाच कोंबडी कोणाला श्रीमंत करत नाही आणि कोणाला बुडवतही नाही.

कारखान्याने करायचे ते एवढेच.

एक, गट ऑफिसांनी वस्तीवार कोंबड्यांची नोंद करावी, आणि ती घरातल्या बाईच्या नावाने करावी.

दोन, वर्षातले दोन दिवस ठरवावेत. एक ऑक्टोबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी. दुसरा फेब्रुवारीत, उन्हाळा तापायच्या आत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांशी बोलून तेवढ्या कुप्या आधी मागवाव्यात. शेतकी खात्याची जीप आणि बर्फाची पेटी त्या दिवशी द्यावी. याहून जास्त खर्च नाही.

तीन, प्रत्येक वस्तीवरच्या एका बाईला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे काम शिकवावे. बचत गट आता बहुतेक गावांत आहेत, त्यांच्यातून बाई निवडावी. कोंबडीमागे ठरेल ती फी तिला मिळावी. फुकटच्या कामाला चार दिवस उत्साह असतो, पाचव्या दिवशी नसतो.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून येतात तेव्हा त्यांच्या संसाराबरोबर शेळ्या-कोंबड्याही येतात. कोप्यांच्या तळावर त्या कोंबड्या हिंडतात आणि हंगाम संपला की परत जातात. टोळी तळावर आल्यावर पहिल्या पंधरवड्यातच तिथल्या कोंबड्यांनाही लस द्यावी. यात उपकाराची भाषा नको. रोग आपल्याकडून त्यांच्याकडे जातो तसा त्यांच्याकडून आपल्याकडे येतो. आणि तोडणीवाल्या बाईची कोंबडी ही आपल्या घरच्या बाईच्या कोंबडीइतकीच तिची बचत आहे. कदाचित जास्तच, कारण तिच्या मजुरीवर उचलीचे कर्ज आधीच बसलेले असते.

आपण काय करावे

नवी कोंबडी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, एकदम कळपात सोडू नये. आजारी कोंबडी बाजारात विकू नये. मेलेली ओढ्यात, कालव्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. खुराडे जमिनीपासून उंच आणि कोरडे असावे, जाळी मुंगूस शिरणार नाही इतकी बारीक असावी. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी हवेच. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते तेवढीच तिची सोय.

गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती परसात देशीपेक्षा जास्त अंडी देतात हे खरे. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पिले दरवेळी विकत आणावी लागतात. अंगाने जड असल्याने घारीपासून, कुत्र्यापासून पळताही कमी येते. म्हणून घरात दोन-तीन देशी कोंबड्या असाव्यातच. पिले काढायचे काम त्यांचे.

बर्ड फ्लूचे काय, असे कोणी विचारेल, आणि विचारलेच पाहिजे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला. 2021 साली परभणीच्या मुरुंबा गावात आला. मानमोडीच्या लसीने तो थांबत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण लस दिलेल्या वस्तीत एकाएकी मरतूक झाली तर ती “नेहमीची मानमोडी” म्हणून कोणी झाकणार नाही, दवाखान्याला लगेच कळवेल. सरकारने आदेशाने मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते, लपवून मेलेल्यांची मिळत नाही. तेव्हा कळवण्यात नुकसान नाही, लपवण्यात आहे. कळवेपर्यंत मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये आणि पोरांना दूर ठेवावे.

काही सभासद म्हणतील, कारखान्यापुढे एवढे मोठे प्रश्न असताना कोंबड्या कशाला. मोठे प्रश्न आहेतच आणि ते सुटायला वर्षे लागतील. हा मात्र दोन दिवसांत सुटण्यासारखा आहे. वार्षिक सभेत दराची चर्चा रात्रीपर्यंत चालू द्या. पण येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटी का होईना, हा एक विषय घ्यावा, अशी संचालक मंडळाला विनंती आहे. आणि सभासद बंधूंना एक सांगणे. सभेला यायच्या आधी घरात विचारून या, गेल्या पाच वर्षांत आपल्या किती कोंबड्या मानमोडीने गेल्या. तो आकडा तुमच्या घरात एका माणसाला तोंडपाठ असेल.

— एक सभासद